तीन स्टेशने, दोन भाषा

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. सगळ्यांना आनंद झाला, मलाही झाला. पण दर्जा मिळाला म्हणजे भाषा जगते का? उत्तरासाठी फार लांब जायला नको. कल्याणच्या पुढे कर्जतच्या लाईनवर उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर ही लागोपाठची तीन स्टेशने आहेत. या पट्ट्यात एक भाषा बाहेरून आली आणि एक इथल्या रानातलीच आहे.

आधी बाहेरून आलेली. फाळणीनंतर सिंधमधले हिंदू घरदार सोडून निघाले. दुसऱ्या महायुद्धात लष्करासाठी कल्याणजवळ ज्या बराकी बांधल्या होत्या, तिथे सुमारे एक लाख निर्वासितांची सोय झाली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींच्या हस्ते कोनशिला बसली आणि कल्याण कॅम्पचे उल्हासनगर झाले. पत्ता सांगताना माणसे अजून 'कॅम्प नंबर चार' असेच सांगतात.

या लोकांची भाषा आपल्याला वाटते तितकी परकी नाही. पाण्याला ते पाणीच म्हणतात. घराला 'घरु' म्हणतात, हाताला 'हथु'. शेवटचा हा उकार आपल्या ज्ञानेश्वरीतही आहे. आपण तो कधीच सोडला, सिंधीने जपला. शिवाय श्वास आत ओढून उच्चारायची चार व्यंजने तिच्यात आहेत. ती मोठेपणी शिकून सहसा येत नाहीत, लहानपणी कानावर पडावी लागतात.

मान म्हणाल तर या भाषेला भरपूर मिळाला. साहित्य अकादमीने तिला १९५७ मध्ये मान्यता दिली. १० एप्रिल १९६७ रोजी ती राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत आली. १९९४ मध्ये तिच्यासाठी राष्ट्रीय परिषद निघाली. राष्ट्रगीतात 'सिंध' आहेच, आणि तो शब्द काढावा ही मागणी २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फेटाळली.

तरीही उल्हासनगरमध्ये सिंधी माध्यमाच्या शाळांना मुले मिळेनाशी झाली. एक कारण लिपीचे. इंग्रजांनी १८५३ मध्ये सिंधीसाठी ५२ अक्षरांची अरबी वळणाची लिपी ठरवली होती. भारतात आल्यावर देवनागरी घ्यावी की तीच ठेवावी, यावर मोठा वाद झाला आणि १९५१ मध्ये सरकारने दोन्ही लिप्या चालतील असे सांगितले. त्यामुळे आजोबांनी लिहिलेले नातवाला वाचता येईना. दुसरे कारण त्याहून साधे. सिंधी समाजाला राज्य नव्हते. व्यापारात हिंदी लागे, कचेरीत मराठी, आणि मुलांच्या भवितव्यासाठी इंग्रजी. सगळे गमावून आलेल्या आईबापांनी मुलांच्या पोटापाण्याचा विचार केला, त्यांना दोष कसा द्यायचा? २०११ च्या जनगणनेत सिंधीचे भाषक सुमारे २७ लाख दिसतात, पण त्यात दहा लाखांच्या वर कच्छी बोलणारे आहेत.

पुढचे स्टेशन अंबरनाथ. तिथल्या शिवमंदिरात शके ९८२ चा, म्हणजे इ.स. १०६० चा शिलाहारकालीन संस्कृत शिलालेख आहे. जवळपास हजार वर्षे तो टिकला. पण त्या काळी वालधुनीच्या काठी पाणी भरणाऱ्या बाया आपसात काय बोलत होत्या, ते त्या दगडावरून कळत नाही. कोरलेले टिकते, बोललेले विरते.

आणि मग बदलापूर. बारवी धरणाकडे, चंदेरीच्या पायथ्याकडे कातकऱ्यांच्या वाड्या आहेत. खैरापासून कात करणारे म्हणून कातकरी. जंगलाचे कायदे आले, कात गेला. मग कोळशाच्या भट्ट्या आणि वीटभट्ट्या आल्या. दिवाळीनंतर कुटुंबच्या कुटुंब भट्टीवर जाते, ते पावसाच्या तोंडाशी परतते. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात हा समाज अडीच लाखांहून मोठा आहे. पण त्याच जनगणनेच्या प्रसिद्ध झालेल्या भाषांच्या यादीत सिंधी आहे, वारली आहे, कातकरीचे नाव नाही. तिला स्वतःची लिपी नाही, अकादमी नाही. अनुसूची तर दूरच. ती फक्त वाडीतल्या म्हातारीच्या तोंडी आणि अंगणातल्या पोरांत आहे. शाळेत ते पोर पहिले वाक्य बोलते तेव्हा त्याला सांगतात, 'नीट बोल.' म्हणजे मराठीत बोल. प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावे यासाठी सोय करावी, असे राज्यघटनेचे ३५०-क कलम १९५६ पासून सांगते. मात्र मातृभाषा म्हणून जिची नोंदच नाही, तिच्यासाठी सोय कोण करणार? मराठीवर अन्याय होतो असे आपण नेहमी म्हणतो. इथे मात्र मोठी बहीण आपणच आहोत.

न्यूझीलंडमध्ये माओरी लोकांवर हीच पाळी आली होती. १९८२ पासून त्यांनी 'भाषेची घरटी' सुरू केली. ही साधी बालवाडीच, फक्त तिथे आज्या-आजोबांनी मुलांशी दिवसभर माओरीतच बोलायचे. मधली पिढी भाषा विसरत चालली होती, म्हणून थेट आजीकडून नातवंडाकडे. माओरीला सरकारी भाषेचा दर्जा मिळाला तो नंतर, १९८७ मध्ये. आधी घरटे, मग दर्जा, हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो.

उल्हासनगरमध्ये अजून सिंधी बोलणाऱ्या आज्या आहेत आणि कातकरवाडीतही आहेत. वाडीतल्या अंगणवाडीत त्यातल्या एकीला रोज तासभर गोष्टी सांगायला बोलावले, तर खर्च जवळजवळ काहीच नाही.

आणि आपल्या घरातल्यांना, विशेषतः परदेशातल्या मंडळींना एक सांगणे. नातवंडे फोनवर इंग्रजीत बोलली तरी आपण मराठीतच उत्तर द्यावे. चार शब्द कळणार नाहीत, विचारतील. विचारू देत.