रा। छ

मोडी कागद वाचायला नव्याने बसलेल्या माणसाला पत्राच्या शेवटी ‘रा। छ ११ रजब’ अशी एखादी ओळ दिसली की त्याचा ऊर भरून येतो. ‘रा।’ म्हणजे राजश्री, ‘छ’ म्हणजे छत्रपती. साक्षात महाराजांचाच उल्लेख सापडला! पण इथे ‘रा।’ म्हणजे रवाना, आणि ‘छ’ ही पुढचा आकडा मुसलमानी चांद्रमासाच्या तारखेचा असल्याची खूण. पत्र ११ रजबला निघाले, इतकेच.

गंमत अशी की त्याच कागदावर वर कुणाच्या नावाआधी ‘रा।’ आले, तर ते खरोखरच राजश्री असते. कारकुनाला मी दोष देणार नाही. दिवसभर बोरू चालवणाऱ्याने पहिले अक्षर काढून पुढे रेघ ओढली, तर नवल काय? नावामागे राजश्री, तारखेमागे रवाना, हे वाचणाऱ्याला ठाऊकच असे. घरातली जुनी पोस्टकार्डे काढून पाहा ना! माथ्यावरचे ‘ता.’ तारखेचे, पत्त्यातले तालुक्याचे आणि शेवटच्या ‘ता. क.’मधले ताज्याचे. आपले कधी अडले का?

आपल्या इतिहासाचे मात्र अडते. अशा पुष्कळ पत्रांवर सालच नसते. हिजरी वर्ष ३५४-३५५ दिवसांचे. त्यामुळे रजब कधी पावसाळ्यात येतो, कधी थंडीत. सुहूर सन दिला असेल तर सुटलो. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार, मिळून ११६१. हे साल मृगाला सुरू होते. जूनपासून डिसेंबरपर्यंत ५९९ मिळवायचे, पुढे ६००. पानिपताचा जानेवारी १७६१ याच सालात पडतो. साल नसेल तेव्हा मजकुरातली माणसे, मुक्काम आणि वार यांवरून ते बसवावे लागते. राजवाड्यांनी १८९८ साली ‘साधनां’चा पहिला खंड काढला, तेव्हापासून आमच्या संशोधकांचे डोळे या कामी झिजले आहेत.

आणि पत्र निघाले कधी, याला फार मोल आहे. १४ जानेवारीला पानिपतावर सारे संपले. नानासाहेबांना ते भेलशाच्या बाजूला असताना कित्येक दिवसांनी कळले. त्या मधल्या दिवसांत त्यांच्या छावणीतून गेलेल्या पत्रात भाऊसाहेबांची खुशाली विचारलेली असेल, तर लिहिणाऱ्याला भाऊसाहेब गेल्याचे ठाऊक नव्हते, हे आपल्याला सांगते ती शेवटची रवानगीची ओळच.