ब्यांशी तसूंची काठी

साखळीचं टोक घट्ट धरा. 1840 चं दशक चालू आहे. देशावरच्या एका गावात बाजरी नुकतीच निघाली आहे आणि कंपनी सरकारची मोजणी बांधाबांधाने पुढे सरकते आहे. गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी 1836 च्या सुमारास इंदापुरात बसवलेली पद्धत आता शेजारच्या तालुक्यांत पोचली आहे. कडं उन्हाने तापलंय, तळव्याला चटका बसतो. पलीकडच्या बांधावरचा गडी ओरडतो, ‘ताणा!’ तुम्ही ताणता. साखळीचा झोळ निघतो, कड्या ढेकळांवर खडखडतात.

ही साखळी 33 फुटांची. एडमंड गुंटर यांची 1620 मधली इंग्रजी साखळी 66 फुटांची आणि शंभर कड्यांची होती. ही तिच्या बरोबर निम्मी. पण हिचे भाग पाडलेत सोळा, आणि प्रत्येक भागाचं नाव आणा. एक आणा म्हणजे दोन फूट पाऊण इंच. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद जमीन झाली की गुंठा होतो, 1,089 चौरस फुटांचा. असे 40 गुंठे म्हणजे एकर. तुमच्या पायाखालचा तुकडा लांबीला 5 साखळ्या 8 आणे आणि रुंदीला 4 साखळ्या भरतो. साडेपाच चोक बावीस. बावीस गुंठे, काम संपलं. फूट नाहीत, भागाकार नाही. ज्याला रुपये-आण्यांचा हिशेब येतो, त्याला शेताचं क्षेत्र तोंडी काढता येतं. साखळीचे सोळा भाग पाडण्याचं ज्याला सुचलं, त्याला मी फार मानतो.

कारकून ‘22’ लिहितो आणि पाटील पुढे येतात. ‘रावसाहेब, आमच्या वाडवडलांपासून हा तुकडा एक बिघा. तुमच्या गुंठ्यांत बिघा किती बसतो, तेवढं सांगा.’

प्रश्न रास्त आहे. उत्तरासाठी काठीची लांबी हवी, म्हणून दीडशे वर्षांहून थोडं अधिक मागे चला.

शिवाजी महाराजांचं राज्य आहे आणि अण्णाजी दत्तो गावोगाव जमिनीची पाहणी करवताहेत. मोजणारा काठी आडवी ठेवतो, टोकाशी टाच रोवतो, काठी उचलून पुढे टाकतो. पाच हात आणि पाच मुठी, असं तिचं माप. हात चौदा तसूंचा. पाच हातांचे सत्तर तसू झाले, मुठींचे बारा, मिळून ब्यांशी. वीस काठ्या लांब आणि वीस काठ्या रुंद म्हणजे बिघा, आणि 120 बिघ्यांचा एक चाहूर. सतराव्या शतकाच्या अखेरीस जिंजीला बसून कृष्णाजी अनंत सभासद आपल्या बखरीत हेच माप नोंदवतील. तुम्हीही कागदावर उतरवून घ्या, कारण इथून तेवढंच नेता येतं. काठी इथेच राहते.

आता पाटलांसमोर बसून हिशेब मांडा. मुंबईच्या बाजारात गज 27 इंचांचा आणि 24 तसूंचा, म्हणजे एक तसू सव्वा इंचाहून थोडा कमी, 1.125 इंच. या तसूने काठी 92.25 इंच भरते आणि बिघ्याची बाजू 153 फूट 9 इंच. क्षेत्र होतं सुमारे 21.7 गुंठे. तुमच्या बावीसला अगदी लागून! पण घाई करू नका. बाजारातला 18 इंचांचा हात सोळा तसूंचा असतो. बखरीतला हात चौदाच तसूंचा आहे. तोही 18 इंचांचाच धरला तर तसू मोठा होतो, काठी 105 इंचांच्या वर जाते आणि बिघा 28.35 गुंठ्यांचा होतो. काठीत सातवा हिस्सा वाढला, म्हणजे साधारण चौदा टक्के. जमिनीत मात्र साडेतीस टक्के, कारण तोच फरक लांबीतही शिरतो आणि रुंदीतही. एका बिघ्यामागे साडेसहा गुंठ्यांहून जास्त जमीन केवळ तसूच्या अर्थावर हलते, आणि जमिनीच्या मागे शेतसारा हलतो. शिवाय गावोगावच्या काठीत फरक होताच. म्हणूनच ‘एक बिघा बरोबर इतके गुंठे’ अशी गावाचं नाव नसलेली कोष्टकं मला पटत नाहीत. पाटलांना एवढंच सांगा की या तुकड्यापुरता बिघा बावीस गुंठ्यांचा. शेजारच्या मळ्याचं ठरवायला तिथे साखळी टाकावी लागेल.

आणि साखळीवरही डोळे मिटून विसंबू नका. रोज ओढून कड्यांचे सांधे झिजतात आणि ती लांबते. एक इंच लांबलेली साखळी एकरामागे सुमारे पाचवा हिस्सा गुंठा कमी दाखवते. गुंठ्याचेही सोळाच आणे, म्हणजे दर एकरी तीन आण्यांवर जमीन कागदावरून गळते. म्हणून साखळी पक्क्या मापाशी वरचेवर ताडून घ्यावी लागते.

आता शंभरावर वर्षं पुढे या. 1956 च्या कायद्याने दशमान मापं आली आणि कालांतराने सातबाऱ्यावर हेक्टर-आर उतरले. 33 फुटांची साखळी 10.0584 मीटरची; तिचा गुंठा 101.17 चौरस मीटरचा, तर आर पुऱ्या शंभराचा. दोन्ही इतके जवळ आहेत की चावडीवर ‘एक आर म्हणजे एक गुंठाच की’ असं सर्रास म्हटलं जातं. पाटलांच्या तुकड्याला ते जवळजवळ लागू पडतं: 22 गुंठ्यांचे 22.26 आर होतात. पण पाच एकरांवर 202.34 आर येतात, आणि दोनशेच धरले तर सव्वादोनशेहून जास्त चौरस मीटर जमीन वाऱ्यावर जाते. भावाभावांत वाटणी करताना तेवढी जागा एका घराला पुरते. म्हणून जुना उतारा काढाल तेव्हा त्यावरचे एकर-गुंठे जसेच्या तसे उतरवून घ्या, आणि आर त्याच्या शेजारी मांडा.