माशांचा रविवार

इंग्लंडात १८६१ साली सॅमन माशासंबंधी एक कायदा झाला. शनिवारी दुपारी बारापासून सोमवारी सकाळी सहापर्यंत हा मासा पकडण्यास त्या कायद्याने मनाई केली. म्हणजे आठवड्यातून बेचाळीस तास माशाला सुट्टी मिळाली. मुंबईच्या गिरणी कामगाराला आठवड्याची सुट्टी मिळाली ती १८९० च्या जून महिन्यात. त्यासाठी नारायण मेघाजी लोखंडे यांना वर्षानुवर्षे झगडावे लागले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये सुमारे दहा हजार कामगारांची सभा भरवावी लागली. त्या सभेत दोन स्त्री कामगारही बोलल्या. तेव्हा कोठे गिरणीमालक रविवार द्यावयास तयार झाले. माशाचा रविवार माणसाच्या रविवाराहून एकोणतीस वर्षांनी वडील आहे!

श्रोतेहो, हे ऐकून हसू येते आणि पाठोपाठ रागही येतो. परंतु राग आला म्हणजे इतिहास कळला असे होत नाही. माशाला ही सुट्टी कोणी दिली, कोणासाठी दिली, आणि ती पाळण्याचा भार कोणावर पडला, हे पाहिले पाहिजे. त्यासाठी माशी लावून मासा धरण्याच्या एका जुन्या विद्येकडे वळावे लागेल.

गळाला गांडूळ लावून मासा धरणे आपणा सर्वांस ठाऊक आहे. युरोपात याखेरीज दुसरी एक रीत फार प्राचीन काळापासून आहे. गळाभोवती लोकर, रेशीम आणि पक्ष्याची पिसे गुंडाळून खोटी माशी बनवायची आणि ती काठी-दोरीने हलकेच पाण्यावर टाकायची. वरून किडा पडला असे समजून मासा झेप घेतो आणि फसतो. मॅसिडोनियातील लोक तांबडी लोकर आणि कोंबड्याची दोन पिसे गळाला बांधून असे मासे धरीत, असे एलियन नावाच्या ग्रंथकाराने इ. स. २०० च्या सुमारास लिहून ठेवले आहे.

या विद्येचे सारे मर्म हंगामात आहे. नदीवर ज्या महिन्यात जो किडा उडतो, त्याच्यासारखीच माशी त्या महिन्यात बांधावी लागते. इंग्लंडात मेफ्लाय नावाचा एक कीटक आहे. त्याची अळी सुमारे दोन वर्षे नदीच्या गाळात दडून राहते. मेच्या अखेरीस किंवा जूनच्या आरंभी तिला पंख फुटतात. मग ती एक-दोन दिवस जगते, आणि त्या अवधीत तोंडाने काही खातसुद्धा नाही. ते पंधरा दिवस ट्राउट मासे इतके बेभान असतात की नवशिक्यालाही मासा लागतो. ट्राउट हिवाळ्यात अंडी घालतो, म्हणून त्याचा हंगाम वसंत आणि ग्रीष्माचा. ग्रेलिंग वसंतात अंडी घालतो, म्हणून तो शरदात आणि थंडीत धरायचा. एकाच्या विश्रांतीच्या वेळी दुसऱ्याची पाळी, असा निसर्गाने लावलेला हा पाळ्यांचा तक्ता आहे.

हा तक्ता इंग्रजीत छापला गेला १४९६ साली. विंकिन द वर्ड या मुद्रकाने गळाने मासे धरण्यावर एक प्रबंध प्रसिद्ध केला. ज्युलियाना बर्नर्स नावाच्या एका जोगिणीने तो लिहिला असे परंपरा सांगते. पुरावा मात्र नाही. मार्चपासून ऑगस्टपर्यंतच्या बारा माश्या त्यात महिन्यावार दिल्या आहेत. पण माझे लक्ष वेधले ते त्याच्या शेवटच्या मजकुराने. हा प्रबंध स्वस्त चोपडी म्हणून न छापता उमरावांसाठी असलेल्या मोठ्या ग्रंथात का घातला, याचे कारण तेथे सांगितले आहे: तो रिकामटेकड्या, अल्प ऐपतीच्या लोकांच्या हाती पडू नये आणि त्यांनी या खेळाचा नाश करू नये! ज्ञान गरिबाला मिळू नये म्हणून ग्रंथ महाग करण्याची युक्ती आपल्या ओळखीची आहे. या देशात ती निराळ्या मार्गांनी अमलात आली, इतकाच फरक.

युक्ती फार काळ टिकली नाही. १६५३ साली या विषयावरचा इंग्रजीतला सर्वांत प्रसिद्ध ग्रंथ निघाला, तो आयझॅक वॉल्टन या लंडनच्या दुकानदाराचा. तो खानावळवाल्याचा मुलगा. पुढे १६७६ साली त्याचा मित्र चार्ल्स कॉटन याने त्या ग्रंथाला माशी बांधण्यावर दुसरा भाग जोडला आणि वर्षाच्या बाराही महिन्यांच्या माश्या सांगितल्या. विद्या खुली झाली. नदी मात्र खुली झाली नाही. इंग्लंडात ज्याची काठाची जमीन, त्याचा समोरच्या पाण्यात मासे धरण्याचा हक्क. उत्तम ट्राउट असलेल्या दक्षिणेकडच्या नितळ नद्या जमीनदारांच्या आणि मोजक्या सभासदांच्या क्लबांच्या हाती राहिल्या. टेस्ट नदीवरचा हॉटन क्लब १८२२ पासून आहे.

आता पुन्हा १८६१ कडे येऊ. सॅमन समुद्रात वाढतो आणि अंडी घालण्यासाठी नदीत वर चढतो. आपल्याकडे पहिल्या पावसात वलगणीचे मासे ओढ्यांतून वर चढतात, त्यावरून कल्पना करावी. कारखान्यांची घाण, बंधारे आणि नदीच्या मुखाशी रोवलेली जाळी यांमुळे सॅमन झपाट्याने कमी झाला. सरकारने १८६० साली आयोग नेमला आणि पुढच्या वर्षी कायदा केला. रोवलेल्या जाळ्यांवर बंदी आली. १ सप्टेंबरपासून १ फेब्रुवारीपर्यंत मासेमारी बंद झाली. आणि दर आठवड्याची ती बेचाळीस तासांची सुट्टी ठरली.

आम्ही युनियनची माणसे कायदा हाती आला की कलमाआधी अपवाद वाचतो. या कायद्यातला अपवाद असा: काठी आणि दोरीने मासे धरणाऱ्यास आठवड्याची ही बंदी लागू नाही, आणि वार्षिक बंदीतही त्याला १ नोव्हेंबरपर्यंत दोन महिन्यांची सवलत! जाळे टाकून पोट भरणारा कोळी शनिवारी दुपारी जाळे गुंडाळून घरी बसणार, आणि त्याच्या जाळ्यातून सुटलेला मासा वर जाऊन धनिकाच्या माशीला लागणार. कायदा निरर्थक होता असे मी म्हणत नाही. मासा वर गेला नाही तर वीण होणार नाही, आणि वीण झाली नाही तर काही वर्षांनी कोळ्याचेही जाळे रिकामे राहील. तरीपण त्याग खालच्याने करावा आणि त्याचे पहिले फळ वरच्याने खावे, अशी ती वाटणी होती.

या छंदाचा खर्च किती दूरवर पोहोचला हे पाहण्यासारखे आहे. एकोणिसाव्या शतकात सॅमनसाठी अत्यंत भडक माश्या बांधण्याची चाल पडली. त्यासाठी देशोदेशींची पिसे लागत. त्यांतले एक मानाचे पीस सह्याद्रीपासून दक्षिणेपर्यंत आढळणाऱ्या करड्या रानकोंबड्याच्या मानेचे. त्यावर मेण ओतल्यासारखे पिवळट-पांढरे ठिपके असतात. एका लहान माशीसाठी येथला कोंबडा मरे. हिंदुस्थान सरकारने १९०२ साली रानपक्ष्यांच्या पिसांची निर्यात बंद केली; १९७२ च्या वन्यजीव कायद्याने तो पक्षीही संरक्षित झाला.

येथवरची हकीकत वरच्यांनी खालच्यांवर घातलेल्या बंधनांची झाली. परंतु १८७८ साली उलट घडले, आणि ती गोष्ट मला फार मोलाची वाटते.

शेफिल्ड हे चाकू-सुऱ्यांचे गाव. तेथील कारागीर पाते घासताना उडणारी धूळ छातीत घेऊन अकाली मरत. गावची नदी कारखान्यांच्या घाणीने काळी पडलेली. अर्ध्या शनिवारची सुट्टी रूढ झाली आणि आगगाडी आली, तेव्हा हे कामगार गळ-काठी घेऊन लिंकनशायरच्या नद्यांवर जाऊ लागले. त्यांचे मासे निराळे: रोच, ब्रीम, पर्च. उमराव ज्यांना हलके समजत, ते. या कामगारांनी आपल्या गुत्त्यांतून गळवाल्यांचे क्लब काढले, वर्गणी जमवली, नियम केले. त्यांच्या ध्यानी आले की आपण विणीच्या काळातही मासे धरतो, आणि असेच चालले तर आपल्यालाच काही उरणार नाही. सॅमनला आणि ट्राउटला बंदीचा काळ आहे, मग आपल्या माशांना का नसावा, असा प्रश्न त्यांनी केला.

त्यांचे खासदार होते ए. जे. मंडेला. इटलीतून परागंदा झालेल्या बापाचा हा मुलगा गरिबीतून वर आला आणि नॉटिंगहॅमला मोजे विणण्याचा कारखानदार झाला. १८६० साली मालक आणि कामगार यांनी एका मेजाशी बसून तंटे मिटवावेत म्हणून त्यांनी मंडळ स्थापले. १८८० साली शिक्षण सक्तीचे करणारा कायदाही त्यांचाच. शेफिल्डच्या गळवाल्यांच्या मागणीवरून त्यांनी विधेयक आणले आणि १८७८ चा कायदा झाला. १५ मार्चपासून १५ जूनपर्यंत या माशांना हात लावायचा नाही. त्या तीन महिन्यांत वसंताचे कितीतरी शनिवार-रविवार येतात. आठवडाभर धूळ खाणाऱ्या माणसाने आपल्या सुट्टीचा हा सर्वांत सुंदर भाग आपण होऊन सोडला. यात त्याने स्वतःसाठी सवलत मागितली नव्हती. कायद्यात काही सूट होती, पण बोजा प्रथम मागणी करणाऱ्याच्याच खांद्यावर होता.

म्हणूनच तो नियम रुजला असे माझे मत आहे. १६ जून हा इंग्रज गळवाल्यांचा सण होऊन बसला. नद्यांवर ही बंदी आजही आहे. बहुतेक तळ्यांवरची १९९५ साली आणि बहुतेक कालव्यांवरची २००० साली उठली. मासे आणून सोडायचे आणि दिवसाचे पैसे घेऊन गळ टाकू द्यायचा, असा धंदा तळ्यांवर वाढला होता. तीन महिने दुकान बंद ठेवणे त्याला परवडत नाही. कार्पसारखे मासे जूननंतरही अंडी घालतात, तेव्हा जुनी तारीख शास्त्राला धरून नाही, असाही युक्तिवाद झाला. तो खोटा नाही. पण तारीख चुकली असेल तर तारीख बदलावी. विश्रांतीच काढून टाकण्याचे ते कारण होत नाही. आमच्या कारखान्यांतही पाळी बदलण्याच्या निमित्ताने सुट्टी कापलेली मी पाहिली आहे. समुद्रकाठी उन्हाळ्यात गळवाल्यांच्या टप्प्यात येणाऱ्या बास माशाचीही स्थिती बिघडली. त्याच्यावर २०१५ पासून निर्बंध घालावे लागले.

आपल्या किनाऱ्यावर हे शहाणपण नवे नाही. पावसाळ्यात होडी ओढून ठेवायची आणि नारळी पौर्णिमेला सागराला नारळ देऊन पुन्हा दर्यावर जायचे, ही कोळी समाजाची रीत कोणत्याही कायद्याहून जुनी आहे. खवळलेला समुद्र आणि माशांची वीण, दोन्ही तिने सांभाळले. महाराष्ट्राने सागरी मासेमारीचा कायदा केला तो १९८१ साली. पावसाळी बंदी आज यांत्रिक नौकांना लागू आहे. ही बंदी पाळली जावी अशी इच्छा असेल, तर तारखा ठरवताना मेजाशी कोळी बसला पाहिजे, आणि बंदीच्या दिवसांत खलाशाच्या घरी चूल कशी पेटेल हाही प्रश्न त्याच मेजावर सुटला पाहिजे. सुट्टी पगारी नसेल तर तिला उपासमार म्हणतात, हे कामगाराला शिकवावे लागत नाही.

नद्या-ओढ्यांचा प्रश्न तर आपल्या दाराशीच आहे. पहिल्या पावसाला आता थोडे दिवस उरले आहेत. पोटात अंडी घेऊन वलगणीचे मासे शेतांकडे चढतील, आणि आपण नेहमीप्रमाणे जाळी, टोपल्या, काठ्या घेऊन धावू. वर्षातून एकदा होणारी ती मौज बंद करा असे सांगावयास मी आलेलो नाही. परंतु शेफिल्डच्या अशिक्षित कारागिरांनी गुत्त्यात बसून जे केले ते आपल्याला चावडीवर बसून करता येईल. पहिले दोन दिवस मासा वर जाऊ द्यावा, की एखादा ओढा मोकळा सोडावा, हे ज्यांना ते मासे ठाऊक आहेत त्यांनीच ठरवावे. आणि ठरवल्यावर गावच्या पाटलापासून मजुरापर्यंत सर्वांनी ते सारखे पाळावे.