संख्यावाचन, टेक्स्ट फाइलमधून

टेक्स्ट फाइलमधील आकडे वाचून त्यांवर गणित करता येईल अशा संख्या मिळवण्याची स्क्रिप्टमधील क्रिया. फाइलमध्ये संख्या नसतातच, नुसती चिन्हे असतात. स्क्रिप्ट एकेक ओळ घेते, स्वल्पविराम, टॅब किंवा मोकळी जागा पाहून तिचे तुकडे करते आणि प्रत्येक तुकड्याचे रूपांतर करते. पायथनमध्ये त्यासाठी इंट (पूर्णांक) आणि फ्लोट (दशांश) ही फंक्शने आहेत. रूपांतर राहून गेले, तर ४२ आणि ८ यांची बेरीज ४२८ येते आणि क्रम लावताना १० हा ९ च्या आधी बसतो.

फाइल सदोष असली की भाषांचे स्वभाव कळतात. आहो, वाइनबर्गर आणि कर्निहन यांनी १९७७ साली बेल लॅब्समध्ये तयार केलेली ऑक ही भाषा तुकड्याच्या आरंभी जेवढी संख्या सापडेल तेवढी घेते. काहीच न सापडल्यास शून्य धरते. इंग्रजी आकड्यांत लिहिलेले १,२५,००० तिच्या लेखी १ होतात. गुणपत्रकातला ‘गैरहजर’ शून्य होतो आणि वर्गाची सरासरी कुणाच्या नकळत घसरते. पायथन दोन्ही ठिकाणी व्हॅल्यूएरर देऊन थांबते, आणि हेच वागणे अधिक सुरक्षित आहे. ही त्रुटी पकडून ओळ क्रमांकासह नोंदवावी. तिच्या जागी शून्य कधीही भरू नये. मात्र ‘नॅन’ (‘संख्या नव्हे’) हे इंग्रजी अक्षरांतले मूल्य फ्लोट बिनतक्रार स्वीकारते, आणि मग सगळी बेरीजच नॅन होते.

देवनागरी आकडे पायथनच्या इंटला थेट वाचता येतात. जावास्क्रिप्टचे नंबर हे फंक्शन त्यांना संख्या मानत नाही. मराठी नोंदींवर काम करणाऱ्याने हा फरक आधीच तपासावा.

बॅश या शेलच्या अंकगणितात शून्याने सुरू होणारी संख्या अष्टमान समजली जाते. ०१० म्हणजे ८, आणि ०८ व ०९ वर त्रुटी. त्यामुळे महिना दोन अंकांत वाचणारी, जुलैपर्यंत नीट चाललेली स्क्रिप्ट ऑगस्टमध्ये बंद पडू शकते. आकड्याच्या आधी ‘१०#’ जोडल्यास तो दशमान वाचला जातो.

काही विंडोज प्रोग्राम फाइलच्या आरंभी बीओएम हे अदृश्य चिन्ह ठेवतात आणि पहिलाच आकडा अडतो. पायथनमध्ये फाइल ‘यूटीएफ-८-सिग’ एन्कोडिंगने उघडावी.

फ्लोट द्विमान पद्धतीने साठवला जात असल्याने ०.१ देखील त्यात अचूक मावत नाही. पैशांच्या हिशेबाला पायथनचे डेसिमल वापरावे. त्याला फाइलमधला मजकूर जसाच्या तसा द्यावा. आधी फ्लोट करून दिला, तर ती तफावतही सोबत जाते.