दस्त जागेवर, नोंद संगणकात

खटाव तालुक्याचे मुख्य ठाणे वडूज. तालुक्याला नाव देणारे खटाव गाव वेगळे. तेही याच तालुक्यात आहे. स्थानिक माणसाचा यात गोंधळ होत नाही, संगणकाचा होतो. जुना फेरफार स्कॅन करताना स्थळाच्या रकान्यात नुसते ‘खटाव’ टिपले, तर कागद त्या गावाचा की तालुक्यातील दुसऱ्याच एखाद्या गावाचा, हे पुढे कळत नाही. दस्त व्यवस्थापन प्रणालीचा कस अशा रकान्यांतच लागतो.

स्कॅन केलेल्या प्रतिमा आकाराने मोठ्या असतात. त्या सगळ्या डेटाबेसमध्ये भरल्या, तर तो जड होतो आणि त्याची राखीव प्रत काढणे जिकिरीचे ठरते. म्हणून अनेक प्रणालींत प्रतिमा बाहेरच्या साठवणीत साध्या फाइली म्हणून राहतात. डेटाबेसमध्ये असतो तो त्यांचा मेटाडेटा, म्हणजे कागदाविषयीची माहिती: दस्ताचा प्रकार, गाव, क्रमांक, वर्ष, लिपी आणि फाइल जिथे ठेवली आहे तो मार्ग. अभिलेख कक्षातही गठ्ठे फडताळात आणि कोणता गठ्ठा कुठे हे यादीत, अशीच विभागणी असते.

एमआयटी आणि ह्युलेट-पॅकार्ड यांनी २००२ मध्ये खुली केलेली ‘डीस्पेस’ ही मुक्त प्रणाली या बाबतीत पाहण्याजोगी आहे. तिच्यात फाइल दोन प्रकारे दाखल करता येते. ‘आयात’ केली, तर तिची प्रत प्रणालीच्या ताब्यात जाते आणि प्रणालीच तिला अंतर्गत क्रमांक देते. ‘नोंदणी’ केली, तर फाइल ठरलेल्या साठवणीत आहे त्याच जागी, त्याच नावाने राहते. प्रणाली फक्त मार्ग आणि मेटाडेटा लिहून घेते. शोधणाऱ्याला दोहोंत फरक जाणवत नाही. नोंद पुसली, तरी नोंदणीकृत फाइल जागेवर शाबूत राहते. हजारो पाने आधीच स्कॅन होऊन पडली असतील, तर ही दुसरी पद्धत सोयीची. मात्र कोणी सहज म्हणून फोल्डरचे नाव बदलले, की नोंद उरते आणि कागद उघडत नाही. त्यासाठी फाइलींची जागा बदलण्याचा अधिकार मोजक्यांकडे ठेवावा लागतो. प्रत्येक फाइलीचा चेकसम, म्हणजे आशयावरून काढलेली अंकखूण, जपून अधूनमधून ताडून पाहिली, तर फाइल हलली किंवा बिघडली हे वेळीच समजते.

तंत्राचा भाग एवढाच. अवघड आहे ते रकान्यांत काय लिहायचे, हे ठरवणे. दस्ताच्या प्रकारापुरती वाट सोपी आहे. महसुली गाव नमुन्यांचे क्रमांक तयारच आहेत. सहावा नमुना फेरफाराचा. सातवा हक्काचा आणि बारावा पिकांचा, म्हणून ‘सातबारा’. क्रमांकाचा रकाना मात्र फसवा आहे. १९४७ च्या तुकडेबंदी व एकत्रीकरण कायद्यानुसार एकत्रीकरण झालेल्या गावांत सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. वारसाने आजचा गट नंबर टाकून शोधले, तर आजोबांच्या नावाचा जुना फेरफार मिळणार नाही. दोन्ही क्रमांक एकमेकांशी जोडलेले असतील तरच तो पुढे येईल.

जिल्ह्याचेही तसेच. १९४९ मध्ये साताऱ्याचे उत्तर सातारा आणि दक्षिण सातारा असे दोन जिल्हे झाले. १९६० मध्ये दक्षिण सातारा सांगली झाला आणि उत्तर सातारा पुन्हा नुसता सातारा. आज खटाव तालुक्यात असलेले औंध १९४८ च्या विलीनीकरणापर्यंत स्वतंत्र संस्थानची राजधानी होते. त्यामुळे कागदावर लिहिलेले स्थळ एका रकान्यात जसेच्या तसे आणि आजचे गाव, तालुका, जिल्हा दुसऱ्यांत, अशी सोय हवी. मूळ शब्द ‘सुधारून’ टाकणे हा अभिलेखात खाडाखोड करण्याचाच प्रकार. वर्षाबाबतही सावध राहावे लागते. महसुली वर्ष १ ऑगस्टला सुरू होते, म्हणून एकच साल न लिहिता १९३५-३६ असे जोडसाल टिपणे बरे.

या तपशिलांचे मोल २०२३ मध्ये सगळ्यांना कळले. निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामासाठी कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा ठिकठिकाणी जुनी दप्तरे उघडली गेली आणि मोडी जाणणारे शोधावे लागले. मोडी पानाची नुसती प्रतिमा नावाने शोधता येत नाही. वाचलेला मजकूर, वाचल्याची तारीख आणि वाचणाऱ्याचे नाव त्या प्रतिमेच्या नोंदीत उतरले नाही, तर पुढच्या अर्जदारासाठी तेच पान पुन्हा पहिल्यापासून वाचावे लागते.