रचलेले जग आणि जगलेला दिवस

विश्वकर्मा हा देवांचा कारागीर. पुराणांनी त्याच्याकडून नगरे उभारून घेतली. सोन्याची लंका त्याच्या नावावर आहे आणि द्वारकाही. परंतु या नगरांपैकी एकाही नगरात तो राहिल्याची कथा नाही. त्याने जगे रचली ती इतरांच्या वस्तीसाठी. जयपूरच्या उत्तरेस सीकर रस्त्यावर जे मोठे औद्योगिक क्षेत्र वसले, त्याला त्याचेच नाव देण्यात आले. तेथील रस्ते नावांपेक्षा क्रमांकांनी ओळखले जातात आणि तेथील माणसांचा दिवस पाळ्यांनी मोजला जातो. अशा ठिकाणी कोणी उमेदवार कादंबरीकार असेल, तर त्याच्यापुढचा पहिला प्रश्न प्रतिभेचा असणार नाही. तो वेळेचा असेल. जग रचायचे केव्हा, दिवसाच्या कोणत्या फटीत, आणि कोणाच्या परवानगीने?

हा प्रश्न आजचा वाटला तरी आजचा नाही. मराठी कादंबरीच्या पहिल्या अर्धशतकाकडे या दृष्टीने पाहिले, तर कादंबरीकाराचा दिवस आणि त्याने रचलेले जग यांचे नाते फार जवळचे होते असे दिसते. वाङ्मयाच्या इतिहासात आपण ग्रंथांच्या तारखा नोंदवतो, संप्रदाय ठरवतो, प्रभाव दाखवतो. ग्रंथकाराचा दिवस कसा जात होता, हे मात्र चरित्राच्या कोपऱ्यात टाकून देतो. कादंबरीच्या बाबतीत हे बरोबर नाही. कविता एखाद्या क्षणी स्फुरू शकेल; कादंबरीला महिने लागतात, वर्षे लागतात. म्हणून तिच्या घडणीत लेखकाच्या दिनक्रमाचा वाटा असतोच.

मराठीतील आरंभीच्या कादंबऱ्यांनी आपले जग जवळच्या वास्तवापेक्षा दूरच्या अद्भुतात रचले. बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ 1857 मध्ये आली. तिचा हेतू धर्मप्रचाराचा असला, तरी विधवांच्या दुःस्थितीचे प्रत्यक्ष दर्शन तिने घडवले. नंतर मात्र ही वाट काही काळ ओस पडली. लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची ‘मुक्तामाला’ 1861 मध्ये प्रसिद्ध झाली, पुढे नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ आली, आणि राजपुत्र, राजकन्या, वियोग, संकटे व अखेरचे मीलन यांचे एक ठरीव जग वाचकांच्या परिचयाचे झाले. गद्यातील दीर्घ कथेला मराठीने बाणभट्टाच्या ग्रंथाचे नाव दिले. आरंभी त्या नावाबरोबर त्या ग्रंथाचा अद्भुताचा वारसाही चालत आला असे म्हणता येईल.

या जगाला पहिला वेगळा पाया रामचंद्र भिकाजी गुंजीकरांनी घातला. त्यांची ‘मोचनगड’ ही 1871 मधील कादंबरी मराठीतील पहिली ऐतिहासिक कादंबरी मानली जाते. काळ शिवाजी महाराजांचा आहे, परंतु कादंबरीला नाव देणारा गड काल्पनिक आहे. ही युक्ती लहान दिसते, पण तिचे परिणाम दूरवर गेले. खरा गड घेतला की बखरी आडव्या येतात: त्याचा किल्लेदार कोण, तो केव्हा पडला, हे सर्व आधीच ठरलेले असते. अगदीच अज्ञात देश घेतला, तर वाचकाला त्याचे सुखदुःख आपले वाटत नाही. ज्ञात इतिहासाच्या मधोमध एक अज्ञात गड उभा केला की दोन्ही गोष्टी साधतात. भोवतालचा मुलूख वाचकाच्या ओळखीचा राहतो आणि तटबंदीच्या आत लेखकाची सत्ता चालते.

हरि नारायण आपटे यांनी हीच युक्ती ‘उषःकाल’मध्ये अधिक खोलवर वापरली. 1895 ते 1897 या काळात क्रमशः प्रसिद्ध झालेल्या या कादंबरीतील सुलतानगड इतिहासाच्या नकाशावर सापडत नाही. तेथील किल्लेदार रंगराव अप्पा विजापूरच्या बादशहाचे इमानी सेवक आहेत आणि त्यांचा मुलगा नानासाहेब शिवाजीच्या नव्या उद्योगाकडे ओढला जातो. पिता खाल्ल्या मिठाला जागणारा आणि पुत्र नव्या निष्ठेने भारलेला, हा संघर्ष सतराव्या शतकाचा म्हणून सांगितला आहे. परंतु सरकारी चाकरीत केस पिकलेले वडील आणि राष्ट्रीय विचारांनी पेटलेले मुलगे 1895 च्या पुण्यात घरोघर होते. काल्पनिक गडाने लेखकाला ही मोकळीक दिली. आपल्या काळाविषयी जे उघड बोलणे कठीण होते, ते सुलतानगडाच्या तटाआड बोलता आले.

आता या लेखकाचा दिवस पाहू. हरिभाऊंचा जन्म 8 मार्च 1864 रोजी खानदेशातील पारोळे येथे झाला. पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये ते शिकले. चिपळूणकर, आगरकर, टिळक यांच्या सहवासाचा संस्कार तेथे झाला. महाविद्यालयात ते गेले, पण पदवी मिळाली नाही. 1885 मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी, त्यांची ‘मधली स्थिती’ ‘पुणे वैभव’ पत्रातून येऊ लागली. रेनॉल्ड्स या इंग्रज कादंबरीकाराच्या कथेचा तिला आधार होता. उमेदवारीच्या काळात असा उसना सांगाडा घेण्यात गैर काही नाही. लक्षात घेण्याजोगे हे की सांगाडा लंडनचा असला तरी त्यावर चढवलेले मांस पुण्याचे होते. मद्यपान, नवशिक्षितांचे ढोंग आणि जुन्या घरांची पडझड त्यांनी आपल्या गावातूनच घेतली.

पुढे त्यांचे चुलते महादेव चिमणाजी आपटे यांनी पुण्यात आनंदाश्रम ही संस्था स्थापन केली आणि तिची व्यवस्था हरिभाऊंकडे आली. संस्कृत हस्तलिखिते मिळवणे, ती शास्त्र्यांकडून शुद्ध करून घेणे, छापणे हा तेथील उद्योग होता. 1890 पासून ‘करमणूक’ साप्ताहिकाचे संपादन त्यांच्याकडे होते आणि ते पत्र त्यांनी 1917 पर्यंत चालवले. त्यात नगरपालिकेच्या कामांची भर पडली. म्हणजे ज्यांना आपण मराठी कादंबरीचे जनक म्हणतो, त्या गृहस्थांच्या दिवसात कादंबरीसाठी स्वतंत्र राखलेली घटका फारशी नव्हती. छापखान्याला मजकूर हवा असे, अंक निघायला हवा असे, आणि कादंबरीचे पुढचे प्रकरण त्या गरजेपोटी लिहिले जाई.

या लेखनपद्धतीवर टीकाकारांनी पुष्कळ दोष ठेवले आहेत. कथानक पसरट होते, संवाद लांबतात, निवेदक मध्येच वाचकाशी बोलत बसतो, प्रसंगांची पुनरुक्ती होते, हे आक्षेप खोटे नाहीत. अशा क्रमशः लेखनाने आणखी जड किंमतही घेतली: ‘गणपतराव’, ‘सूर्यग्रहण’, ‘कर्मयोग’ या कादंबऱ्या अपुऱ्याच राहिल्या. पण त्याच पद्धतीने दिलेले देणेही मोजले पाहिजे. ‘पण लक्षात कोण घेतो?’ 1890 ते 1893 या वर्षांत हप्त्याहप्त्याने आली. तीन वर्षे वाचक आठवड्यामागून आठवडा यमूच्या घरात जात राहिला. माजघर, स्वयंपाकघर, सासूचा पहारा, नवऱ्याशी चोरून झालेले बोलणे, मुंबईतील बिऱ्हाडातले थोडे मोकळे दिवस आणि शेवटी वैधव्यानंतरचे केशवपन, हे सर्व त्या घराच्याच संथ गतीने समोर आले. एका बैठकीत वाचून संपवायच्या ग्रंथाला हा संथपणा दोष ठरेल. जे जीवन मुळातच दिवसादिवसाने सोसायचे होते, त्याच्या चित्रणाला तो साजेसा होता. येथे काल्पनिक गडाची गरज नव्हती. वाडाच एक गड होता आणि त्याचे दरवाजे आतून नव्हे, बाहेरून बंद होत.

यमू आपली कहाणी स्वतः सांगते. मराठीतील या थोर कादंबरीचा निवेदक म्हणजे जिला वाचण्या-लिहिण्याचा अधिकार घराने सुखासुखी दिला नाही अशी एक स्त्री आहे. हरिभाऊंनी कल्पनेने उभी केलेली ही लेखिका वाचकांना खरी वाटली आणि आजही वाटते. परंतु त्याच वर्षांत एक खरी लेखिका खरी कादंबरी लिहीत होती आणि ती हरिभाऊंच्या स्नेहमंडळातच होती. या योगायोगाकडे आपण पुरेसे लक्ष दिलेले नाही.

काशीबाई कानिटकर यांचा जन्म 1861 मध्ये आष्टे येथे, बापट घराण्यात झाला. नवव्या वर्षी गोविंद वासुदेव कानिटकर यांच्याशी त्यांचा विवाह झाला. गोविंदराव स्वतः कवी होते, पुढे न्यायखात्यात गेले. पत्नीने शिकावे अशी त्यांची इच्छा. पण सासरच्या मोठ्या एकत्र कुटुंबात सुनेने पुस्तक हातात धरणे वडीलधाऱ्यांना रुचणारे नव्हते. काशीबाईंनी अक्षरांशी सलगी केली ती घरच्यांची नजर चुकवून. हरिभाऊंना अंकाची मुदत होती; काशीबाईंना मुदत नव्हती, सबब द्यावी लागे. दोघांचाही दिवस तुटक होता, पण तुटकपणाची जात निराळी होती. एकाचा वेळ कामे खात होती आणि ती कामे प्रतिष्ठेची होती. दुसरीचा वेळ मुळात तिचा मानलाच जात नव्हता.

तरीही त्यांनी लिहिले. ‘रंगराव’ ही त्यांची कादंबरी प्रथम ‘मनोरंजन आणि निबंधचंद्रिका’ या मासिकातून क्रमशः आली. हरिभाऊंची ‘गणपतराव’ ज्या मासिकात येत होती तेच हे मासिक. पुस्तकरूपाने ‘रंगराव’ 1903 मध्ये प्रसिद्ध झाली. मधल्या काळात त्यांनी डॉ. आनंदीबाई जोशी यांचे चरित्र लिहिले. एका स्त्रीने दुसऱ्या स्त्रीचे चरित्र लिहावे ही गोष्टच तेव्हा नवी होती. 1889 च्या मुंबई काँग्रेसला ज्या मोजक्या स्त्रिया उपस्थित होत्या, त्यांत पंडिता रमाबाईंबरोबर काशीबाईही होत्या.

त्यांचे खरे जगरचनेचे काम ‘पालखीचा गोंडा’ या कादंबरीत आहे. ती 1928 मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा त्यांचे वय सदुसष्ट होते. या कादंबरीत त्यांनी एक संस्थान कल्पिले आणि त्याचा कारभार स्त्रियांच्या हाती दिला. गुंजीकर आणि आपटे यांनी काल्पनिक गड बांधले; काशीबाईंनी काल्पनिक संस्थान वसवले. हा फरक केवळ चवीचा नाही. गड जिंकता येतो, संस्थान चालवावे लागते. गडाच्या कथेत प्रश्न असतो तो स्वातंत्र्याचा; संस्थानाच्या कथेत प्रश्न येतो तो व्यवस्थेचा: शाळा कोणासाठी, न्याय कोणाचा, खजिना कशावर खर्च करायचा. आयुष्यभर दुसऱ्यांच्या व्यवस्थेत राहिलेल्या लेखिकेने कल्पनेत प्रथम व्यवस्थाच बदलून पाहावी, हे स्वाभाविक होते.

संस्थानाचीच निवड का, हेही विचार करण्याजोगे आहे. ब्रिटिश मुलखात सत्ता कलेक्टर कचेरीत होती. तेथे एतद्देशीय माणसाने, त्यातही स्त्रीने, राज्य चालवल्याचे चित्र रंगवणे वाचकाला पटले नसते. संस्थान मात्र नकाशावरची अशी जागा होती जिथे सिंहासन, दिवाण आणि फर्मान अजून शिल्लक होते. म्हणून मराठी कल्पना वारंवार तिकडे वळली. हरिभाऊंनीही ‘रूपनगरची राजकन्या’मध्ये राजपुतान्याची वाट धरली. औरंगजेबाची मागणी नाकारून मेवाडच्या राणा राजसिंहाला साद घालणाऱ्या राजकन्येची ही कथा बंकिमचंद्रांनी बंगालीत ‘राजसिंह’मध्ये आधीच आणली होती. ते रूपनगर जयपूरच्या पश्चिमेस, किशनगडच्या प्रदेशात आहे. ज्या भूमीवर आज क्रमांकांचे रस्ते आणि कारखान्यांच्या शेड आहेत, तिच्या शेजारचा मुलूख एके काळी पुण्याच्या वाचकाला दर आठवड्याला भेटणारा स्वप्नप्रदेश होता.

पुढे कादंबरीकाराच्या दिवसाची आणखी रूपे मराठीने पाहिली. साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ 1933 च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात अवघ्या पाच दिवसांत लिहिली. सक्तीच्या बंदिवासाने त्यांना अखंड वेळ दिला. अण्णा भाऊ साठे यांनी मुंबईत गिरणीकामगाराचे जिणे पत्करले, घाटकोपरच्या चिरागनगरच्या झोपडीत राहून लिहिले, आणि त्यांची ‘फकिरा’ 1959 मध्ये आली. वारणेच्या खोऱ्यातले मुक्त, बेडर जग त्या कोंदट वस्तीत बसून उभे राहिले. तेव्हा मोकळा वेळ आणि शांत खोली नसेल तर कादंबरी होत नाही, हे विधान मराठीपुरते तरी टिकत नाही. पण त्याचा उलटा अर्थ काढून अभावाचेच गोडवे गाणे अधिक वाईट. अण्णा भाऊंनी लिहिले म्हणून चिरागनगर लेखनाला पोषक ठरत नाही. काशीबाईंनी लिहिले म्हणून माजघर ठरत नाही. जे लिहून झाले त्याची आपल्याला नोंद मिळते. ज्यांचा दिवस कधीच हाती लागला नाही, त्यांच्या न लिहिलेल्या कादंबऱ्यांची सूची कोणत्याही ग्रंथालयात नसते.

या इतिहासातील खरी बोचणारी गोष्ट निराळीच आहे. यमू ही पुरुषाच्या लेखणीतून उतरलेली लेखिका घरोघर पोचली, अभ्यासक्रमात आली, तिच्या दुःखाने वाचकांच्या पिढ्या हळहळल्या. काशीबाई ही स्वतःच्या हाताने लिहिणारी लेखिका मात्र बहुधा हरिभाऊंच्या चरित्रातील एक स्नेही म्हणून, किंवा आद्य स्त्री-कादंबरीकारांच्या यादीतील एक नाव म्हणून उरली. सरोजिनी वैद्य यांनी त्यांच्या आत्मचरित्रपर लेखनाचे संपादन केले आणि मीरा कोसंबी यांनी त्यांच्यावर इंग्रजीत विस्ताराने लिहिले, तेव्हा कोठे त्यांचा दिवस अभ्यासकांना दिसू लागला. यात हरिभाऊंकडे काही उणेपणा येत नाही. स्त्रीचा आवाज ऐकण्याची सवय त्यांनीच मराठी वाचकाला लावली. प्रश्न वाचकाचा आहे. सोसणारी यमू आपण चटकन स्वीकारली. राज्य चालवणाऱ्या स्त्रियांचे जग रचणारी काशीबाई स्वीकारायला आपल्याला अवघड गेले.

हरिभाऊंच्या कादंबरीच्या शीर्षकातच एक प्रश्न आहे आणि तो समाजाला उद्देशून विचारलेला आहे. वाङ्मयाच्या विद्यार्थ्याने तो ग्रंथालयातही विचारावा. ‘उषःकाल’ आणि ‘पालखीचा गोंडा’ ही दोन पुस्तके एकाच मेजावर शेजारी ठेवून वाचली, तर मराठी कादंबरीने जग कसे रचले याची अर्धी नव्हे, पुरी कथा हाती येईल.