पंपावरचा पावसाळा
गोव्यात डिचोलीच्या एका लोहखनिजाच्या खाणीत मी पंपावर होतो. पोर्तुगीज अमदानीत डोंगरमाथा खणत, खनिज पाट्यांतून वाहत. पावसाचं पाणी आपोआप उतरून जाई. यंत्रं आली, खाणी भूजलाखाली गेल्या. मग वरून पाऊस, खालून झरे! मृगात डंपर थांबत आणि आमचे पंप रात्रंदिवस चालत. उपसलेलं पाणी तळ्यात थोपवायचं, लाल गाळ बसला की ओहोळात सोडायचं. खनिज धुण्याच्या प्लांटचा गाळ वेगळ्या तळ्यात. एका आषाढात त्या तळ्याचा बांध खचला. खालच्या शेतात घोटाभर चिखल. भरपाई मिळाली, माती नाही. गंमत म्हणजे, आमच्या उपशानं विहिरी आटत आणि उन्हाळ्यात तेच पाणी शेतकरी मागत. 2012 मध्ये खाणी बंद पडल्या. आता खंदकात हिरवं पाणी आहे, काठावर बगळे.